व्याज शेवटी कोणाच्या खिशात जातं?

गरिबी हटवण्यासाठी छोट्या धंद्यांना कर्ज द्या, असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो: त्या कर्जाचं व्याज कोणाला मिळणार?

२०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतल्या सूक्ष्मकर्जांच्या चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. काही धंदे थोडे वाढले होते, पण सरासरी घरखर्चात आणि उत्पन्नात मोठा फरक पडलेला नव्हता. याचं एक कारण हप्त्याच्या वेळापत्रकात आहे. कर्ज घेतल्यावर दोन आठवड्यांत पहिला हप्ता भरायचा असेल, तर माणूस चार दिवसांत खपणारा माल भरतो. यंत्र घेत नाही. कोलकात्यात काही कर्जदारांना पहिल्या हप्त्यासाठी दोन महिन्यांची मुभा दिली, तेव्हा त्यांची धंद्यातली गुंतवणूक आणि नफा दोन्ही वाढले. थकबाकीही वाढली, म्हणून सावकारी संस्थांना ही मुभा नकोशी वाटते.

व्याजाचा दर सांगण्याची पद्धतही नीट बघावी. वर्षभराच्या मासिक हप्त्यांवर ‘सरसकट १२ टक्के’ म्हणजे पूर्ण मुद्दलावर वर्षभर व्याज. मुद्दल मात्र दर महिन्याला कमी होत असतं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. सही करण्यापूर्वी एकूण किती रक्कम भरायची आणि किती हप्त्यांत, एवढं तरी लिहून घ्या.

बांगलादेशात १९८३ मध्ये बँक झालेल्या ग्रामीण बँकेने कर्जदारांनाच भागधारक केलं, तेही १०० टाका (तिथलं चलन) किमतीच्या भागावर. मला त्याहूनही पटते ती नायजरमध्ये १९९१ मध्ये सुरू झालेली बचतगटाच्या पेटीची पद्धत, कारण तिथे बाहेरचा पैसाच लागत नाही. एकमेकांना ओळखणारे १५ ते २५ जण, दर आठवड्याला सभा. प्रत्येकाने दर सभेत एक ते पाच भाग, म्हणजे ठरावीक रकमेचे बचतीचे हिस्से, घ्यायचे. वर पाचची मर्यादा असल्यामुळे सधन सभासद गट गिळत नाही. पासबुकात प्रत्येक भागाला एक शिक्का, म्हणजे अक्षरओळख नसली तरी हिशेब कळतो. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघांकडे, पेटी चौथ्याकडे. कर्ज स्वतःच्या बचतीच्या जास्तीत जास्त तिप्पट, मुदत साधारण तीन महिने. अडीअडचणीचा निधी वेगळ्या पिशवीत.

हिशेब असा: २० जणांनी ५० आठवडे सरासरी तीन भाग घेतले तर ३००० भाग होतात. भाग १० चा असेल तर बचत ३०,०००. व्याज आणि दंड धरून वर्षअखेर पेटीत ३६,००० निघाले, तर भागाची किंमत १२. म्हणजे १५० भागवाल्याला १५०० चे १८०० मिळतात. व्याज भरणारे आणि व्याज घेणारे तेच.

गट मोडतात ते बहुधा ठरलेल्या जागी. वर्षअखेर कर्जं वसूल न होताच वाटप होतं. म्हणून शेवटच्या काही आठवड्यांत नवं कर्ज देऊच नये. एकाच घरातले चौघे पदांवर बसतात. पेटीत रोकड साचून राहते आणि चोरीला आमंत्रण मिळतं. सभेच्या शेवटी शिल्लक मोठ्याने सांगायची आणि पुढच्या सभेत पेटी उघडण्यापूर्वी तीच रक्कम सगळ्यांना विचारायची, ही साधी सवय बरीच अफरातफर रोखते. ज्याला एक भागही परवडत नाही, त्याला मात्र या गटात ओढू नये. त्याला आधी काही महिन्यांचा खर्च आणि एखादी मालमत्ता हवी. कर्जाने तो आणखी खचतो.

गट दोन-तीन वर्षं टिकला की सामायिक यंत्राचा विचार करावा. ६०,००० चं यंत्र पाच वर्षं चालणार असेल, तर घसारा निधीत, म्हणजे ते झिजल्यावर नवं घेण्यासाठीच्या निधीत, दरमहा १००० बाजूला पडलेच पाहिजेत, दुरुस्तीचे वेगळे. वापराचं भाडं सभासदांनाही लावा. फुकट वापर सुरू झाला की पट्टा तुटल्यावर तो बदलायला पैसे नसतात. मत माणशी एक. नफा वापराच्या प्रमाणात वाटायचा, हा इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांच्या सहकारी संस्थेने १८४४ मध्ये घालून दिलेला नियम आजही चोख आहे.

सभासद सोडून गेला तर काय, हे यंत्र घेण्यापूर्वीच लिहून ठेवा: भागभांडवल दर्शनी किमतीला परत, वर्षाचा हिशेब झाल्यावर, हप्त्यांनी. हे कलम नसेल तर एकाच वेळी दोघे-तिघे बाहेर पडले की त्यांचे पैसे द्यायला यंत्रच विकावं लागतं.