दोन बाय चार फुटांतलं घोसीपुरा

ग्वाल्हेरच्या माणसाला छोट्या आगगाडीचा नाद लागला तर त्याला फार दोष देऊ नये. जयविलास पॅलेसमध्ये मेजवानीच्या टेबलावर माधवराव शिंदे महाराजांची चांदीची गाडी आहे. जेवणं झाली की ती ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. काचेची सुरई उचलली की थांबायची, जागेवर ठेवली की पुन्हा निघायची. त्याच माधवराव महाराजांच्या काळात दोन फुटी रुळांची खरीखुरी गाडीही सुरू झाली आणि पुढे थेट श्योपुरापर्यंत गेली. जवळजवळ २०० किलोमीटर, अख्खा दिवस खाणारा प्रवास, आणि टपावर आतल्याइतकीच माणसं. २०२० साली ती बंद पडली. तिथे आता ब्रॉडगेज येतंय, ते चांगलंच आहे, पण टपावर बसता यायचं नाही.

म्हटलं, गाडी घरात आणू.

नवख्या माणसाला वाटतं, आधी इंजिन घ्यावं. माझं ऐकाल तर आधी पलंग, कपाट आणि घरच्यांचा मूड, तिन्ही मोजून घ्या. या छंदात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ: खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. पण त्याची वळणं साधारण अठरा इंच त्रिज्येची. गाडीला पुरता फेरा मारू द्यायचा तर प्लायचं आठ बाय चारचं अख्खं शीट लागतं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरात तेवढ्या जागेवर दिवाण आहे, आणि दुपारी दिवाणावर आई झोपते. विषय संपला.

ब्रॉडगेजवाल्यांचं आणखी एक दुखणं असतं. आपली लाइन १६७६ मिलिमीटरची. एचओच्या हिशेबाने ती सव्वाएकोणीस व्हायला हवी, पण बाजारात रूळ मिळतात साडेसोळाचे, कारण ते परदेशी १४३५च्या लाइनीसाठी काढलेले. त्यामुळे घरातली राजधानी जरा अंग चोरूनच धावते.

नॅरोगेजने माझी सुटका केली. इंग्लंडात ओओ नावाचं शहात्तरपट लहान माप चालतं, आणि त्यात छोट्या लाइनींसाठी नऊ मिलिमीटरचे रूळ वापरतात. खऱ्या मापात ते ६८६ मिलिमीटर भरतात आणि आपली श्योपुराची लाइन होती ६१०ची. मला हा फरक चालतो. ज्यांना चालत नाही त्यांनी रूळ स्वतः घडवावेत, देव त्यांचं भलं करो. नऊ मिलिमीटरचा मोठा फायदा असा की एन या आणखी लहान मापाच्या, नऊ मिलिमीटरवरच चालणाऱ्या इंजिनाचा चाकं-मोटरीचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर कार्डशीटचं आपलं डिझेल इंजिन चढवायचं. नऊ इंची वळणही त्याला पचतं. दोन बाय चार फुटांचा पाट झाला, दिवाणाखाली सरकतो.

श्योपुरापर्यंतची लाइन या मापात करायची तर अडीच किलोमीटरहून जास्त रूळ लागतील. तेव्हा गावं गाळायची. जौरा गाळलं, कैलारस गाळलं, सबलगढ गाळताना जिवावर आलं. उरलं घोसीपुरा: एक फलाट, एक सांधा, बाजूची एक लाइन, कडुलिंब, चहाची टपरी. पाटाच्या मागच्या अंगाला घरांची रांग उभी केली की तिच्याआड गाडी नाहीशी होते. तिथे तिला मुद्दाम ताटकळत ठेवायची आणि मग दुसऱ्या बाजूने काढायची, म्हणजे ती श्योपुराहून आली. नुसती गोल गोल पळणारी गाडी चहा निवायच्या आत कंटाळा आणते. थांबणारी गाडी बघायला शेजारचे काकाही खुर्ची ओढून बसतात आणि ‘लेट आहे का?’ असं विचारतात. चांदीच्या गाडीतही लोक बघतात ते तिचं थांबणंच.

विजेचं काम ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. दोन्ही रुळांतून बारा व्होल्टपर्यंत डीसी. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी. एवढंच सांभाळायचं की रूळ वळून स्वतःलाच उलटा येऊन मिळता कामा नये, नाहीतर शॉर्ट. खरा वैरी म्हणजे मे महिन्यातली आमची आंधी. रुळावर धुळीचा पापुद्रा बसला की चाकांना वीज मिळत नाही. फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसत बसायचं.

ज्या हातांनी दिवाळीत किल्ला केलाय त्यांना पुढचं शिकवावं लागत नाही. खडी म्हणून चाळलेली वाळू पसरायची आणि पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून ते ड्रॉपरने तिच्यावर सोडायचं. साबणामुळे ते कडेला न साठता आत मुरतं. फरक इतकाच, की किल्ल्यावर दरवाज्यापेक्षा मावळा उंच चालतो, इथे चालत नाही. (पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. जरूर बघा, पण आपला पाट तयार झाल्यावर. आधी बघितलंत तर सुरुवातच करणार नाही.)

सध्या माणसांचं काम चाललंय. या मापाची तयार माणसं येतात ती सगळी साहेबी, हॅट आणि ओव्हरकोटातली. हॅट ब्लेडने खरवडून वर टिश्यू पेपरचं मुंडासं बांधता येतं. ओव्हरकोट राहू देतो, आमच्याकडे जानेवारीत तो शोभतोच. अडचण अशी की पाकिटात उभी माणसं जास्त असतात आणि मला टपासाठी बसलेली हवीत. काहींचे पाय गुडघ्यात कापून दुमडलेत. एकाचा पाय सापडत नाही. त्याला दूधवाल्याच्या कॅनमागे बसवणार आहे.