स्टॉक अलर्टचं टूल तयार आहे, आता पुढे काय?

सांगली-मिरजेतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांकडून, साताऱ्यात स्वतःचं सॉफ्टवेअरचं काम सुरू केलेल्यांकडून एक प्रश्न सारखा येतो. "ऑनलाइन दुकानात संपलेली वस्तू परत आली की गिऱ्हाइकाला कळवणारं टूल बनवलंय. आता ते लाँच कसं करू आणि जाहिरातीवर किती घालू?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाहिरातीचं आधी सांगून टाकतो: सुरुवातीला एक रुपयाही घालू नका. या कामात अलर्ट हीच जाहिरात. वेळेवर आलेला खरा अलर्ट माणूस आपणहून चार जणांना दाखवतो आणि खोटा आला तर तोही दाखवतो, स्क्रीनशॉटसकट.

गणपती पेठेत किंवा साताऱ्याच्या मोती चौकात दुकानदाराकडे नंबर ठेवून "माल आला की फोन करा" म्हणणारं गिऱ्हाईक आजही आहे. टूलचं काम तेच. फरक इतकाच, की दुकानदार माल समोर बघून फोन करतो आणि टूल वेबसाइटचं पान वाचून अंदाज बांधतं. सगळा घोळ त्या अंदाजात असतो.

सगळ्यात जास्त टूलं कुठे आपटतात ते आधी बघा. बहुतेक जण वस्तूच्या दोनच अवस्था धरतात, आहे आणि नाही. पान वाचलं, "अ‍ॅड टू कार्ट" दिसलं नाही, म्हणजे नाही. पण बटण न दिसायला कारणं बरीच असतात. साइटनं कॅप्चा ("तुम्ही माणूसच ना" ही चाचणी) पुढे केला, सर्व्हरनं ५०३ म्हणजे "सध्या सेवा बंद" हा कोड दिला, फार विनंत्या (पान उघडण्याच्या मागण्या) झाल्या म्हणून ४२९ हा कोड दिला, किंवा पान अर्धवटच उतरलं. टूल या सगळ्याची नोंद "नाही" अशी करतं. दहा मिनिटांनी साइट ताळ्यावर येते, बटण दिसतं, आणि "नाही"चं "आहे" झालं म्हणून टूल सगळ्यांना अलर्ट सोडतं. वस्तू मुळात संपलेलीच नव्हती. रात्री दोन वाजता साइट दुरुस्तीसाठी बंद पडली की पहाटे सगळ्या यादीचे अलर्ट एकदम सुटतात ते याच कारणानं. म्हणून "माहीत नाही" ही तिसरी अवस्था ठेवा. पान नीट वाचता आलं नाही तर मागची अवस्था तशीच राहू द्या. पक्कं "नाही" आणि मग पक्कं "आहे" मिळालं तरच हलायचं, आणि तेव्हाही २०-३० सेकंदांनी पुन्हा एकदा तपासून.

पान वाचायचं कसं, यातही गोम आहे. "आउट ऑफ स्टॉक" हे शब्द सगळ्या पानात शोधू नका. खाली "हेही बघा" म्हणून दुसऱ्या वस्तूंची रांग असते, त्यातली एखादी संपलेली असली की शब्द सापडतात. बऱ्याच दुकानांच्या पानात सर्च इंजिनसाठी जेसन-एलडीचा, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा माहितीचा, तुकडा असतो आणि त्यात उपलब्धता स्वच्छ लिहिलेली असते. वाचायला तो सोपा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. काही ठिकाणी तो तुकडा मागे राहतो आणि बटण आधी बदलतं.

आता बुटांचं उदाहरण घेऊ, कारण आपल्या भागात सुरुवात करायला धावण्याचे बूट हा चांगला माल आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या आधीचे दोन-तीन महिने यवतेश्वरच्या घाटात सराव करणाऱ्यांना ठरावीक मॉडेल ठरावीक मापातच हवं असतं, आणि नेमकं तेच संपलेलं असतं. बुटाच्या पानावर एक माप जरी शिल्लक असलं तरी पान "इन स्टॉक" म्हणतं. आठ नंबरवाल्याला अकरा नंबर आल्याचा अलर्ट गेला तर तो पुढचा अलर्ट उघडणार नाही. तेव्हा माप, रंग, रुंदी यांतला प्रत्येक प्रकार वेगळी वस्तू म्हणून नोंदवा आणि नोंदणीच्या वेळीच तो विचारा.

दुसरी गोष्ट पिनकोड. पुण्याच्या ४११००१ ला वस्तू मिळते, कराडच्या ४१५११० ला तेच पान "या ठिकाणी पोचवता येत नाही" म्हणतं. मुंबई-बंगळूरच्या टूलवाल्यांना हे जाणवत नाही, कारण त्यांच्याकडे सगळंच पोचतं. तुमची जागा इथे आहे. सातारा ४१५००१, सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, कराड, विटा, वाई, असे मोजके पिन घेऊन "तुमच्या गावाला पोचेल तेव्हाच कळवू" एवढं खात्रीनं सांगता आलं तर बाकी काही वेगळं करायची गरज नाही. फक्त प्रत्येक फेरीला प्रत्येक पिन तपासत बसू नका, २०० वस्तू आणि ६ पिन म्हटले की फेरीला १,२०० विनंत्या होतात. आधी एकाच पिनवर बघा, तिथे हालचाल दिसली की बाकीचे पाच. तो पहिला पिन मात्र पुण्यासारखा, जिथे माल हमखास पोचतो असा निवडा. नाहीतर तिथेच अडलात तर पुढचं कळणारच नाही.

तिसरी गोष्ट किंमत. खरा माल संपला की कुणीतरी विक्रेता तीच वस्तू दीडपट-दुप्पट भावानं लावतो. तांत्रिकदृष्ट्या ती "आहे", गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं ती थट्टा आहे. नोंदणीत "जास्तीत जास्त किती रुपयांपर्यंत" ही एक चौकट ठेवा, आणि अलर्टमध्ये किंमत, विक्रेता आणि तपासल्याची वेळ सेकंदासकट द्या.

वेळेचं महत्त्व नव्यानं सांगायला नको. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुलं झालं तेव्हा टेलिग्रामवर लसीचे स्लॉट सांगणारे चॅनल गावोगावच्या लोकांनी धरले होते. को-विन या लसनोंदणीच्या सरकारी साइटच्या सार्वजनिक एपीआयला (प्रोग्रामनं माहिती मागण्याची सोय) एका आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून, ५ मिनिटांत १०० विनंत्यांची मर्यादा होती आणि मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकत होती. चॅनलवर स्लॉट दिसायचा, साइटवर जावं तर भरलेला. चॅनलवाल्याची चूक नसायची, पण शिव्या त्यालाच. माहिती शिळी असू शकते हे अलर्टमध्येच लिहिलेलं असलं की राग निम्मा होतो.

किती वेळानं तपासायचं याचा हिशेब कागदावर करा. २०० वस्तू दर ५ मिनिटांनी म्हणजे दिवसाला २८८ फेऱ्या, एकूण ५७,६०० विनंत्या. एकाच दुकानावर इतका मारा केला की दुकान तुमचा आयपी बंद करतं, आणि तो होणं रास्तही आहे. त्याऐवजी ज्यावर खरोखर झुंबड आहे अशा २० वस्तू दर ३ मिनिटांनी आणि उरलेल्या १८० अर्ध्या तासानं बघा. ९,६०० अधिक ८,६४०, म्हणजे १८,२४०. एकतृतीयांशाहून कमी विनंत्यांत गरजेच्या वस्तू उलट जास्त लवकर सापडतात. प्रत्येक विनंतीच्या वेळेत काही सेकंदांचा कमी-जास्तपणा ठेवा, ४२९ आला की थांबण्याचा काळ दुप्पट करत न्या. दुकानाची रोबोट्स फाइल (टूलनं कुठली पानं उघडू नयेत ते सांगणारी) आणि अटी आधी वाचा, अधिकृत एपीआय असेल तर तोच वापरा. जे दुकान स्पष्ट नाही म्हणतं ते यादीतून काढा. टूलनं आपोआप खरेदी करायची सोय कुणी मागितली तर सरळ नकार द्या, ती साठेबाजांची गरज असते.

अलर्ट पाठवायचा कशावर? सुरुवातीला टेलिग्राम. बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) फुकट बनतो, मंजुरीच्या रांगा नाहीत, माणसाचा फोन नंबरही घ्यावा लागत नाही. सेकंदाला साधारण ३० मेसेजची मर्यादा धरा, म्हणजे ३,००० जणांना पोचायला १०० सेकंद. तेव्हा दर वेळी त्याच क्रमानं पाठवू नका, नाहीतर यादीतल्या शेवटच्यांना कधीच काही मिळणार नाही. एसएमएससाठी डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची व्यवस्था) नाव, हेडर (पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव) आणि मजकुराचं टेम्पलेट म्हणजे ठरलेला साचा नोंदवावा लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदवलेली लागते. शे-दोनशे लोकांसाठी हा खटाटोप करू नये. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यावसायिक एपीआयलाही टेम्पलेटची मंजुरी आणि मेसेजचे पैसे आलेच. ब्राउझरची सूचना आयफोनवर हवी असेल तर आयओएस १६.४ किंवा पुढचं लागतं आणि साइट आधी होम स्क्रीनवर घ्यावी लागते. हे समजावण्यातच निम्मी माणसं गळतात.

आता लाँच. लोकांना बोलावण्याआधी टूल महिनाभर गुपचूप चालू ठेवा. चुका तर कळतातच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे इतिहास जमतो. कुठलं मॉडेल, कुठल्या मापात, कुठल्या वारी किती वाजता आलं आणि किती मिनिटं टिकलं. हाच इतिहास प्रत्येक वस्तूच्या वेगळ्या पानावर मांडा. "अमुक बूट ८ नंबर परत कधी येणार" असं गुगलवर शोधणाऱ्याला नोंदणी न करताही तिथे काहीतरी हाती लागलं पाहिजे. पानाच्या शीर्षकात वस्तूचं पूर्ण नाव आणि माप असू द्या, साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये टाका. फक्त "नोंदणी करा" एवढंच म्हणणाऱ्या पोकळ पानांना गुगल भाव देत नाही, आणि तो देऊही नये.

लाँचसाठी दिवाळीचा आठवडा निवडू नका. सेलच्या दिवसांत दुकानं आपोआप पानं उघडणाऱ्या टूलवर जास्त कडक असतात आणि "माहीत नाही"चं प्रमाण वाढतं.

मग माणसं कुठून आणायची? जिथे निराश गिऱ्हाईक बसलंय तिथून. रनिंग ग्रुप, सायकलवाले, जूनमध्ये पालकांचे ग्रुप. ग्रुपमध्ये टाकण्याआधी अ‍ॅडमिनला वेगळा मेसेज करून विचारा. एपीके फाइल (अँड्रॉइड अ‍ॅप थेट फोनवर टाकायची फाइल) कधीही पाठवू नका. वाहतुकीच्या ई-चलनाच्या, लग्नपत्रिकेच्या नावानं आलेल्या एपीकेंनी लोकांची खाती रिकामी केली आहेत. अनोळखी एपीके पाठवणारा आता चोर ठरतो, आणि तसं वाटण्यात लोकांचं काही चुकत नाही. छोटी केलेली लिंकही नको, स्वतःच्या डोमेनचा पूर्ण पत्ता द्या. मजकूर एवढा पुरे:

"नमस्कार. धावण्याच्या ४० मॉडेलचे बूट तुमच्या मापात आणि तुमच्या पिनकोडला मिळू लागले की टेलिग्रामवर कळवतो. फुकट आहे. फोन नंबर, ओटीपी, पैसे काहीही मागत नाही. वेगळं अ‍ॅप घ्यावं लागत नाही. खरेदीच्या लिंकवर आम्हाला कमिशन मिळू शकतं. चुकीचा अलर्ट आला तर खालचं बटण दाबा."

कमिशनचं वाक्य गाळू नका. मात्र कमिशनचं खातं उघडण्याची घाईही नको. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट्स या कमिशन योजनेत पहिल्या १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, आणि स्वतः केलेली खरेदी त्यात धरत नाहीत. गिऱ्हाईक आल्यावर खातं उघडा. माहितीही कमीत कमी घ्या. टेलिग्रामचा आयडी, पिनकोड, माप आणि किंमत याच्यापलीकडे काही लागत नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर नको ती माहिती साठवणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात लोढणं.

मजकुरातल्या त्या बटणाचं नीट करा. प्रत्येक अलर्टखाली तीन पर्याय द्या: "मिळालं", "जाईपर्यंत संपलं", "अलर्टच चुकीचा". "जाईपर्यंत संपलं" वाढू लागलं तर वेग कमी पडतोय, ती वस्तू ३ मिनिटांच्या यादीत घ्या. "चुकीचा" वाढला तर त्या दुकानानं पानाची रचना बदलली आहे. त्या दुकानाचे अलर्ट लगेच थांबवा आणि थांबवल्याचं चॅनलवर सांगून टाका. एकूण किती जणांनी नोंदणी केली या आकड्यापेक्षा हे तीन आकडे रोज सकाळी बघण्यासारखे असतात.

"मिळालं" दाबलं की ती नोंद तिथेच बंद करा. कुणी काहीच दाबलं नाही तर ६० दिवसांनी एकदा विचारा, अजून हवंय का. उत्तर आलं नाही तर नोंद काढून टाका. त्यानं बूट केव्हाच दुकानातून घेतलेले असतात आणि तुम्ही अजून त्याच्यासाठी दर ३ मिनिटांनी पान उघडत बसलेले असता.