पॉम्पेईत भिंती, नेपल्समध्ये घरसामान आणि एक ओळखीची बाई

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी आणि बाबा नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयासमोर उभे होतो आणि दार बंद होतं. मंगळवार हा त्यांचा सुट्टीचा दिवस, आणि ते आधी न बघण्याचा गाढवपणा सर्वस्वी माझा. "मग चल पॉम्पेईला," बाबा म्हणाले. आता वाटतं, बरंच झालं. आधी पॉम्पेई आणि मग संग्रहालय हाच क्रम ठेवा. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या रोमन शहराच्या भिंती तिकडे आहेत आणि घरातलं बहुतेक सामान इकडे. भिंती न बघता सामान बघितलं तर ती नुसती काचेची कपाटं वाटतात.

गरिबाल्डी स्टेशनातून जाताना सोरेंतोकडे जाणारीच गाडी धरा आणि 'पॉम्पेई स्काव्ही' स्टेशनवर उतरा. पॉम्पेई नावाचं आणखी एक स्टेशन दुसऱ्या फाट्यावर आहे. आम्ही तिथे उतरलो आणि बाबांना गावातून बरीच पायपीट करावी लागली. तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे. आम्ही नोव्हेंबरात गेलो म्हणून ऐनवेळी तिकीट मिळालं, उन्हाळ्यात आधीच काढा. हिवाळ्यात मात्र साडेतीननंतर आत सोडत नाहीत. मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. पाण्याची बाटली रिकामी नेली तरी चालेल, जुन्या रस्त्यांवरच्या दगडी हौदांना आजही प्यायचं पाणी येतं. चपला घालून मात्र जाऊ नका.

कारण रस्ते. काळ्या दगडाच्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या वीतभर खोल आहेत आणि मधेमधे पाय न भिजता पलीकडे जायला उंच दगड बसवलेत, दोन दगडांत चाक जाईल एवढी फट ठेवून. व्हिया देल'अब्बोंदान्झा या मुख्य रस्त्यावर खानावळी आहेत. ओट्यात पुरलेले रांजण आणि मागच्या भिंतीवर रंगवलेला देव्हारा. अशाच एका ओट्यातल्या रांजणात हजारावर नाणी सापडली, गल्लाच तो. बेकरीत कमरेएवढी दगडी जाती आहेत, गाढवं जुंपून फिरवायची. बाबांनी खुंटा अडकवायची खाच बोटाने दाखवली आणि तिथेच पायरीवर बसले. शहर साधारण 66 हेक्टरांचं आहे, त्यातला तिसरा हिस्सा अजून जमिनीखालीच आहे. सगळं बघायचा हट्ट सोडा. फोरम म्हणजे मुख्य चौक, स्नानगृह, वेत्ती बंधूंचं घर, अँफिथिएटर एवढं चार तासांत होतं. इसवी सन 79 मध्ये राखेत गाडलेल्या माणसांच्या पोकळ्यांत 1863 पासून प्लॅस्टर ओतून काढलेल्या आकृत्या आहेत. त्या आकृत्यांसमोर लोक सेल्फी काढत होते, आम्ही थांबलो नाही.

बुधवारी संग्रहालय. 'म्युझियो' हे मेट्रो स्टेशन दारातच आहे. काल रिकामी जाती बघितली होती. आज काचेआड त्या काळचा पाव दिसला, काळा कोळसा झालेला, आठ फोडी जिथे तोडायच्या त्या रेघा तशाच. तळमजल्यावरचे फार्नेझे संग्रहातले अवाढव्य पुतळे पॉम्पेईतले नाहीत, रोममधल्या काराकाला स्नानगृहांतले आहेत. आम्ही ते भरभर उरकले.

मला जी भारतीय वळणाची छोटी मूर्ती बघायची होती ती 'गुप्त दालनात' आहे. तिथे पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तू ठेवल्यात. हे दालन कधीकधी बंद असतं, म्हणून आत शिरल्याबरोबर काउंटरवर विचारून घ्या. वडिलांबरोबर त्या खोलीतून जाताना मी बराच वेळ छताचं निरीक्षण केलं. शेवटी ती दिसली: हस्तिदंताची, जेमतेम वीतभर उंच, हातांत बांगड्यांची चळत, पायांत जाड वाळे, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. 1938 मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात सापडली. नाव 'पॉम्पेईची लक्ष्मी' पडलंय, पण अनेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. डोक्यावर भोक आहे, म्हणजे बहुधा एखाद्या वस्तूची मूठ किंवा पाय असावी. बैठकीवर खरोष्ठी या वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं अक्षर आहे, आणि अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंतांशीही साम्य दाखवतात, त्यामुळे ती नेमकी कुठे घडली यावर वाद आहे. पण तिच्याशी जुळणारा तुकडा आमच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात सापडलाय, आणि धाराशिवच्या तेरलाही तशीच हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे.

बाबांनी भोकरदनला अकरा वर्षं मास्तरकी केली. काचेजवळ वाकून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "मागून वेणी दिसते का बघ," म्हणाले. दिसते, काचेच्या बाजूला जाऊन थोडं वाकावं लागतं.