तुम्ही विचारलंत म्हणून: फायबरचं लपण

आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, येणारा प्रत्येक जण आधी त्या हिरव्या पेटीकडे बोट दाखवतो. ते माझं लपण आहे, आत दडून पक्षी बघायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. शेजारी विचारतो, “हें कितें रे हाडलां? रानदुकर मारूंक?” पुण्याचा मावसभाऊ विचारतो, ५२ हजार कशात घातलेस? पक्ष्यांचे फोटो काढणारे मित्र म्हणतात, ७ हजारांत कापडी मिळतं की. आणि काकी प्रत्येक लग्नाकार्यात एकच धरून बसते: चुडतांची (नारळाच्या झावळ्यांची) खोप केली असतीस तर फुकटात झाली असती. सगळ्यांना तुकड्यातुकड्यांनी उत्तरं देऊन थकलोय, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधी शिकारीचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि आमच्या घरात बंदूक नाही. तरी लोक विचारतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. २०२० च्या जानेवारीत इथे गोव्यात, म्हादई अभयारण्यात गोळावलीच्या रानात चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले. तेव्हापासून आमच्या सत्तरी तालुक्यात रानात दबा धरून बसणाऱ्या माणसाकडे लोक जरा निरखूनच बघतात. शिवाय ही वस्तू मुळात शिकाऱ्यांचीच. अमेरिकेत हरणांच्या शिकारीला बसण्यासाठी जाड प्लास्टिकच्या किंवा फायबरग्लासच्या अशा खोल्या घेतात आणि त्या वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असतात. तिकडून मागवायचा खर्च ऐकून मी नाद सोडला आणि मासेमारीच्या फायबरच्या होड्या करणाऱ्या एका कारखान्यात गेलो. पावसात, उन्हात, खाऱ्या पाण्यात टिकणारी वस्तू गोव्यात कोण करतं, तर तेच लोक.

काकीच्या खोपीचं मला पटतं. बाबांनी माकडं हाकायला बांधलेली खोप मी पाहिली आहे. पण चुडतं वाळली की वाऱ्यात करकरतात, पावसात कुजतात, वाळवी लागते, आणि दरवर्षी नव्याने बांधायची म्हणजे पक्ष्यांना दरवर्षी नवी वस्तू दिसणार. कापडी लपण तर माझ्याकडे होतंच. त्याच्याविषयी मी आजवर फारसं बोललो नाही.

२०२१ चा जुलै. व्हाळाच्या (ओढ्याच्या) वर पाटाशेजारी लाल मातीची उभी दरड आहे, त्यात तिबोटी खंड्याच्या जोडीने बीळ कोरलं होतं. चिमणीएवढा पक्षी, नारिंगी पोट, निळी पाठ, चोच पोवळ्यासारखी लाल. पाऊस लागला की हे आमच्याकडे घरटी करतात. पडवीतून दुर्बिणीने दिसायचं, नर-मादी दोघंही आळीपाळीने खाणं घेऊन आत जात होती. म्हणजे पिल्लं होती. मी कापडी लपण दरडीपासून २० फुटांवर लावलं आणि सकाळी आठला आत बसलो.

एक खंड्या चोचीत सापसुरळी धरून समोरच्या फांदीवर आला. मी फोटो काढले. तेवढ्यात वारा आला, कापड फडफडलं, तो उडाला. परत आला, डोकं वरखाली करत लपणाकडे बघत राहिला. पुन्हा फडफड, पुन्हा उडाला. सापसुरळी चोचीतच. मला दिसत होतं की तो आत जात नाही. मी घड्याळ बघत होतो आणि स्वतःला सांगत होतो, आणखी पाच मिनिटं, आता सवय होईल त्याला. त्या पाच-पाच मिनिटांत अकरा वाजले. मग पावसाची सर आली, भिजलेलं छत माझ्या अंगावर बसलं, चेन अडकली, आणि मी धडपडत बाहेर आलो तेव्हा दोघंही चीत्कारत व्हाळाच्या खाली निघून गेली.

दोन दिवस मी तिकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी पडवीतून तासभर पाहिलं, कोणी येईना. पाचव्या दिवशी जाऊन बघितलं तर बिळाच्या तोंडाशी मुंग्यांची रांग होती, आत जाणारी आणि बाहेर येणारी.

गड्याने सांगितलं की त्याच आठवड्यात दरडीवर धामण फिरताना त्याने पाहिली. दरडीतून पाणीही झिरपत होतं. कदाचित मी कारण नसेनही. हे वाक्य मी कित्येक वेळा स्वतःला ऐकवलं आहे. पण तीन तास त्या पक्ष्याने खाणं चोचीत धरून ठेवलं होतं, ते धामणीमुळे नव्हतं.

तो फोटो मी टाकलाही होता, मुंग्या बघायच्या आदल्या संध्याकाळी. काय क्षण पकडलास, असं सगळ्यांनी लिहिलं. चोचीत भक्ष्य घेऊन स्थिर बसलेला तिबोटी. तो स्थिर का बसला होता ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फोटो काढून टाकायला मला आठ महिने लागले.

नंतर कधीतरी कायदा वाचला. त्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही धरलं आहे. म्हणून शेजारी ‘मारूंक?’ विचारतो तेव्हा मी पटकन तोडून बोलतो. बंदूक नाही, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो.

तर हे लपण. चार बाय चार फूट, साडेपाच फूट उंच, दोन तुकडे बोल्टने जोडलेले, चार चिऱ्यांवर टेकवलेलं. रेझिनचा वास जायला ते दोन आठवडे उन्हात उघडं ठेवावं लागलं. पहिल्यांदा बाहेरून होडीसारखी चकाकी होती; एकही पक्षी जवळ येईना, तेव्हा पॉलिश पेपरने घासून वर बिनचमकीचा रंग मारला. आतून सगळं काळं. मागची झडप बंद ठेवायची, नाहीतर पाठीमागच्या उजेडात आपली सावली हलताना दिसते. खिडक्यांना काच नाही, काळी जाळी. झडपांच्या कडेला रबर, दाराला कडीऐवजी चामड्याचा पट्टा. छताला आतून फोम चिकटवला, कारण सरी कोसळल्या की ढोलात बसल्यासारखं वाटायचं. वारा कितीही येवो, काही हलत नाही. त्या एका गोष्टीचे मी ५२ हजार दिले.

ते घरट्याजवळ लावलं नाही. व्हाळाच्या डबक्यापाशी आहे, तीन वर्षं तिथून हललेलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये व्हाळ आटतो आणि ते डबकं तेवढं राहतं. दुपारी तीननंतर आमच्या राज्याचा पक्षी, पिवळा आणि लाल गळ्याचा बुलबुल, आंघोळीला येतो. शामा येतो, नारिंगी डोक्याचा कस्तुर येतो. गेल्या उन्हाळ्यात शामा खिडकीच्या ओठावर येऊन बसला, माझ्या नाकापासून वीतभर. ओल्या छातीवरची पिसं चिकटून काड्यांसारखी झाली होती आणि श्वासासरशी हलत होती. इतक्या जवळून कॅमेऱ्याला फोकस होईना. मी तो खाली ठेवला.

मित्र म्हणतात, मग झालं की, चूक सुधारली. पैसे खर्चून चूक सुधारली असं मला वाटत नाही. जुना मी मध्ये मध्ये वाद घालतो: कापड फडफडलं नसतं तर तो खंड्या आत गेला असता, म्हणजे दोष वस्तूचा. त्याला माझं उत्तर आहे की २० फुटांवर जायचंच नव्हतं. मग तो विचारतो, तर आता आवाज न करणारी वस्तू कशाला घेतलीस? इथे मी गप्प होतो.

यंदा तिबोटींनी त्याच दरडीत पुन्हा बीळ कोरलंय. दोन मित्रांचे फोन आले, चार माणसं आणतो, लपण वर हलवू, आता फडफडायची भीती नाही. मी नाही म्हणालो. पण परवा संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा टेप घेऊन डबक्यापासून दरडीपर्यंत मोजत गेलो. ११० फूट भरलं. मधे कुठे सपाट जागा आहे तेही पाहून आलो.