कोहा आणि आमची जुनी कपाटं

आजपासून वाचनालयात कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर पुस्तकांच्या खऱ्या नोंदी सुरू. नव्या पुस्तकांचं सोपं आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, टाकला की दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद आयती ओढून घेता येते. फक्त ती बरेचदा रोमन लिपीत असते, मग आपल्या वाचकांसाठी सगळं देवनागरीत पुन्हा टंकायचं.

खरा घाम काढतात जुनी पुस्तकं. १९६० च्या पुस्तकाला कसला आलाय आयएसबीएन! दाखल नोंदवही उघडायची, लेखक १०० क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक २४५ मध्ये, मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ पासून पुढे. संगणकावर जुनी यादी होती, पण युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या, आधीच्या फॉन्टमधली. चिकटवली तर पडद्यावर नुसती भेळ.

हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि १९९९ साली न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांसाठी बनलं, हे मला भारी आवडलं. शहरी डामडौल नाही त्यात.

संध्याकाळी एका नेहमीच्या काकांना मोबाइलवर आमची सूची दाखवली. चष्मा वर करून म्हणाले, "दिवाळी अंक कुठायत?"

ते अजून टाकायचेत, काका.