घेरी, लसणीचं तेल आणि सुंठ

सासूबाईंना घेरी यायची ती ठरावीक वेळी, उजव्या कुशीवर वळल्या की. "गे, घर फिरता!" म्हणत पलंगाची कड घट्ट धरायच्या. अर्ध्या मिनिटात फिरणं थांबायचं, मळमळ तेवढी मागे राहायची.

आमच्या देवगडात आजारी माणसाची बातमी फुटायचा अवकाश, औषधं चालत घरी येतात. शेजारच्या काकी खोबरेलात लसूण कडकवून वाटीच घेऊन आल्या. "कानात घाल गे, वारो भरलो असतलो." आणखी कुणी रुईचं पिकलं पान तुपावर शेकून रस पिळायला सांगितलं. रुईचा चीक डोळ्यात उडाला तर डोळ्याला इजा होते, तो हात मी कानाशी नेणार नाही. तेलाचं म्हणाल, तर ते पडद्याशीच अडतं. ही घेरी उठते त्याच्या पुष्कळ आत. पडद्याला भोक असेल तर तेल आत शिरतं, आणि नेमकं तेव्हाच ते शिरायला नको. त्यात आमचा पावसाळा, दमट हवेत कानात बुरशी धरायला निमित्तच हवं असतं.

कणकवलीच्या डॉक्टरांनी गोळीआधी त्यांना टेबलावर बसवलं. मान उजवीकडे वळवून झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. बुबुळं थरथरत फिरू लागली. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत घरंगळले होते. मग डोकं हळूहळू डावीकडे, त्याच कुशीवर, नाक जमिनीकडे, आणि उठवून बसवलं. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून. जॉन एपली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली ही रीत. कण पुन्हा जागेवर जातात. बीटाहिस्टिनची गोळी हे काम करत नाही. ती मेनिएरच्या आजारात देतात, जिथे चकरेसोबत कान वाजतो, ऐकू कमी येतं. स्टेमेटिलही मळमळीपुरती, थोडे दिवस. म्हाताऱ्या माणसांना ती महिनोन् महिने दिली तर हात थरथरायला लागतात.

सुंठ मात्र मी देते. मळमळीला बरी पडते. सासूबाईंना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, म्हणून तेवढं डॉक्टरांना विचारून घेतलं. चिमूटभर चालेल म्हणाले.

पण चकरेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर सुंठ उगाळत बसू नका, गाडी काढा.