एकाच माणसाचे दोन मजकूर

माझं दुकान परभणीत, कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन. निवडणूक लागली की पंधरा दिवस डबा तसाच घरी परत जातो. उमेदवारी अर्ज, नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र, हँडबिलं, मतदारांच्या चिठ्ठ्या. हँडबिलाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या टाकायचं विसरलं, तर आधी मुद्रकाला धरतात, म्हणून तेवढी ओळ मी स्वतः तपासते. बाकी मजकुरात काय लिहिलंय ते मी फक्त टाईप करते. मत देत नाही. निदान दुकानात तरी नाही.

दुकान टाकायच्या आधी मी एका दैनिकात पानं लावायचे. नाव सांगत नाही, पेपर अजून चालू आहे आणि जुने सहकारी अजून तिथंच आहेत. २००९ च्या विधानसभेच्या वेळी मी रात्रपाळीला होते. क्वार्क या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये पान, श्रीलिपीचे फाँट, आणि बातम्या दोन फोल्डरमधून यायच्या. एक संपादकीयचा. दुसरा जाहिरात विभागाचा, पण त्यातला मजकूर जाहिरातीसारखा लावायचा नाही. चौकट नाही, कोपऱ्यात 'जाहिरात' हा शब्द नाही, बातमीचाच फाँट, बातमीचंच मथळ्याचं वळण. वर 'प्रतिनिधी'. आम्ही त्याला सरळ 'पॅकेज' म्हणायचो. 'आज भाऊंचं पॅकेज अर्धं पान आहे' असं कुणी म्हटलं की भाऊ कोण, हे विचारावं लागत नसे.

मजकुराचा साचा ठरलेला. पदयात्रेला उत्स्फूर्त प्रतिसाद, जागोजागी सुवासिनींनी केलेलं औक्षण, सभेला तोबा गर्दी, विरोधकांच्या पायाखालची वाळू सरकली. एका मतदारसंघात तिघा उमेदवारांनी पॅकेज घेतलेलं, त्यामुळे एकाच पानावर तिघांच्याही विरोधकांच्या पायाखालची वाळू सरकायची. एका रात्री घाईत मी कालच्या मजकुरावरच फाइंड-रिप्लेस मारलं. पहिल्या दोन परिच्छेदांत नाव बदललं. तिसऱ्यात ते जोडाक्षर वेगळ्या कीनं टाईप झालं होतं, ते राहिलं. सकाळी एका उमेदवाराच्या गौरवाच्या बातमीत शेवटी त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाच प्रचंड मतांनी निवडून देण्याचं आवाहन छापून आलं. मला वाटलं नोकरी गेली. जाहिरात विभागानं दुसऱ्या दिवशी पाव पान फुकट दिलं आणि विषय मिटला. वाचकांपैकी एकाचाही फोन आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, नांदेडला, त्याच निवडणुकीत जे झालं ते पुढे देशभर गाजलं. मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. त्यांच्यावरच्या पानंच्या पानं पुरवण्या निघाल्या, 'अशोकपर्व' नावानं. पी. साईनाथांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या मराठी दैनिकांत चव्हाणांवरचा एकच लेख जवळपास शब्द न् शब्द सारखा आला होता. आणि निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींपुढे रक्कम होती ५,३७९ रुपये. आमच्या ऑफिसात कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. हसलं कुणीच नाही, कारण दर सगळ्यांना पाठ होते.

प्रकरण निवडणूक आयोगाकडं गेलं. २०१४ च्या जुलैत आयोगानं हिशेब नियमाप्रमाणे दिला नाही असं ठरवून त्यांना नोटीस काढली. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा आदेश रद्द केला. हे दुसरं वाक्यही सांगायलाच हवं. पहिलं सांगून थांबायचं ही सवय आपल्या सगळ्यांचीच आहे. तिकडे प्रेस कौन्सिलनंही पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या अशाच बातम्यांवर, दोन सदस्यांकडून सविस्तर अहवाल करून घेतला होता, पण २०१० मध्ये स्वीकारताना वर्तमानपत्रांची नावं असलेला तो अहवाल बाजूला ठेवून त्रोटक रूप पुढं केलं. पेपरांची आपसातली समजूत ही अशी.

हे सगळं मी तेव्हा मामांना सांगितलं. मामा म्हणजे सासरे. पाथरीकडं आमची जमीन आहे, पैठणच्या डाव्या कालव्यावर. मामांच्या देवघराशेजारी शंकरराव चव्हाणांचा, म्हणजे अशोकरावांच्या वडिलांचा, फोटो आहे. जायकवाडीचं भूमिपूजन १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून झालं, पण धरण रेटलं ते शंकररावांनी, असं मामा गेली पन्नास वर्षं सांगतात. त्यांची नेता मोजायची पद्धत एकच. कोण आला, किती बोलला, किती गाड्या होत्या, काही नाही. 'टेलला पाणी आलं का?' कालवा दोनशे आठ किलोमीटर, आणि वरचे उपसून घेतात, तेव्हा शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी पोचणं ही खरी परीक्षा. मला वाटलं, पोराचं प्रकरण ऐकून ते चिडतील, पेपरवाल्यांना शिव्या देतील. ते बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "पाणी बापानं आणलं. पोराचा हिशेब पोराकडं माग." आणि लगेच पुढं, "अन् बापाचाबी पुरा हिशेब नको करूस. टेलला पाणी तरी कुठं दरसाल येतं?"

नोकरी सोडून दुकान टाकल्यावर गंमत अशी झाली की तीच माणसं दुसऱ्या मजकुरासह माझ्यापुढे आली. पॅकेजमधला 'शेतकऱ्याचा सच्चा सुपुत्र' प्रतिज्ञापत्रात शपथेवर सांगतो की व्यवसाय बांधकाम, पत्नीच्या नावे इतके तोळे सोनं, अमुक बँकेचं कर्ज थकीत. विशेषण एकही नाही. पाच वर्षांची आयकर विवरणं, जमीन कधी घेतली, तेव्हाची किंमत, आजची बाजारकिंमत. ही दोन किमतींची गोष्ट लक्षात ठेवायची असते. 'पाच वर्षांत संपत्ती तिप्पट' असा मथळा येतो तेव्हा कधीकधी झालेलं असतं एवढंच की वडिलोपार्जित शेताजवळून महामार्ग गेला. कधीकधी झालेलं असतं वेगळंच, आणि तेही त्याच तक्त्यात दिसतं, कारण घेतल्याची तारीख महामार्गाच्या मोजणीच्या जरा आधीची असते. मथळा दोन्हीला एकच.

गुन्ह्यांचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर उमेदवाराला स्वतःवरचे खटले तीन वेळा पेपरात छापावे लागतात, आणि अक्षर किमान १२ पॉइंटचं हवं असं आयोगाचं सांगणं आहे. १२ पॉइंट कशाला? कारण माझ्यासारखीनं ते सात पॉइंटमध्ये बसवलं असतं. २०२० पासून पक्षालाही कारण द्यावं लागतं, हाच उमेदवार का, खटले नसलेला दुसरा का नाही. निवडून येण्याची क्षमता हे कारण चालत नाही. ही छापील कारणं वाचली की मला माझी जुनी रात्रपाळी आठवते. 'लोकप्रिय, तळागाळाशी नाळ जोडलेलं नेतृत्व.' पॅकेजच ते, फक्त कोर्टाच्या आदेशानं.

आता माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या निवडणुकीत (गाव सांगत नाही) माझ्या ओळखीतला एक उभा होता. आंदोलनातला, रात्री-बेरात्री दवाखान्यात धावून जाणारा. समोरचा ठेकेदार. मी गल्लीत सगळ्यांना सांगत होते, समोरच्यावर तीन गुन्हे आहेत. कुणीतरी म्हणालं, तुमच्यावाल्यावर सात आहेत. मी म्हटलं, ते रास्ता रोकोचे, कलम १४३, १८८, फार तर ३५३. जमावबंदी मोडल्याचे गुन्हे काय मोजायचे? हे मी बिनदिक्कत म्हणू शकत होते, कारण त्याचं प्रतिज्ञापत्र मीच टाईप केलं होतं. नंतर एका दुपारी जुन्या फायली पुसताना ते पुन्हा उघडलं. सातांपैकी सहा तसेच होते. सातवा ४२० चा, एका पतसंस्थेचा. मी तो टाईप केला होता. माझ्या बोटांनी. आणि डोक्यानं तो रास्ता रोकोत ढकलून दिला होता. समोरच्याच्या तीनपैकी दोन शेजाऱ्याशी बांधावरून झालेल्या भांडणाचे होते, तेही मी तेव्हाच पाहिलं असतं, पाहायचं असतं तर.

टीव्हीबद्दल मला फारसं बोलायचं नाही. आठ चौकटीत आठ माणसं ओरडतात, आणि ज्याचं काम मोजायचं तो आमदार त्यात नसतोच, त्याचा प्रवक्ता असतो. पण खासदारांच्या हजेरीचे नि प्रश्नांचे आकडे जे आता फिरतात, त्यांनाही मी जपूनच हात लावते. मंत्री झालेला माणूस सभागृहात प्रश्न विचारत नाही, त्याला उत्तरं द्यायची असतात. त्याच्यापुढे शून्य दिसतं. तो शून्य फॉरवर्ड करणारे माझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाळीस तरी निघतील.

मागच्या विधानसभेला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, पावणेदोनला एक अपक्ष दुकानात आला. तीनला दार बंद होतं. साठीचा माणूस, धोतर, हातात पिशवी. रकाना कोरा ठेवला तर अर्ज उडू शकतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावं लागतं. मी विचारत गेले, तो सांगत गेला. वाहन? निरंक. शेअर? ते काय असतंय? निरंक. दागिने? बायकोचं मंगळसूत्र, पण ते गहाण आहे, मग लिहायचं का? लिहा म्हटलं, आणि कर्जाच्या रकान्यातही लिहा. शेवटी तो अडला.

"ताई, म्हशी कुठं लिहायच्या?"

"किती आहेत?"

"दोन. एक गाभण."

'इतर मालमत्ता'त लिहिल्या. किंमत विचारली तर त्यानं दोन वेगवेगळ्या सांगितल्या, आजची आणि ती व्याल्यावरची. मी आजची टाकली. दोन वाजून दहाला तो कागद घेऊन पळाला.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात विजयी उमेदवाराचं पान, गुलालाचे फोटो, आणि खाली एका ओळीत 'इतर सर्व उमेदवारांची अनामत जप्त'. महिन्याभरानं तो रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आला. मी विचारलं, दहा हजार गेले ना?

"गेले," तो म्हणाला. "पण ती व्याली. पारडी झाली. दोन्ही बाजूंनी काढा झेरॉक्स."